अगं, त्या माद्या आहेत

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात ज्या कंपनीत होते, तिथे आमचं काम होतं किडनीचे फोटो बघायचं. म्हणजे आम्ही नाही बघायचो, आमचा प्रोग्राम बघायचा. औषध कंपन्या नवीन औषध आधी उंदरांना देतात. मग त्यांच्या किडनीचे अगदी पातळ काप काढून, रंगवून, काचपट्टीवर ठेवून स्कॅन करतात. एका अभ्यासात अशा हजारो पट्ट्या असतात आणि तज्ज्ञ डोळे दोन-तीन जोड्याच. म्हणून आम्ही असं मॉडेल बनवलं होतं, जे निरोगी किडनी कशी दिसते ते शिकतं आणि वेगळं काही दिसलं की लाल चौकोन काढतं.

आधीच्या अभ्यासावर मॉडेल छान चाललं. मग नवीन अभ्यास आला. त्यातल्या ज्या उंदरांना औषध दिलंच नव्हतं, नुसतं पाणी दिलं होतं, त्यांच्यातल्या बरोबर निम्म्यांवर लाल चौकोन आले. वीसपैकी दहा. मी रंगांचं कॅलिब्रेशन तपासलं, स्कॅनर तपासला, कोड तीनदा वाचला. दीड आठवडा गेला. शेवटी सल्लागार म्हणून येणाऱ्या पशुवैद्यक मॅडमना कॉल लावून स्क्रीन शेअर केली. त्यांनी चहाचा घोट घेतला, चार पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, त्या माद्या आहेत."

झालं होतं असं. जुन्या अभ्यासात सगळे उंदीर नर होते. डेटाच्या फाईलमध्ये लिंगाचा स्तंभ होता, पण त्यात वरपासून खालपर्यंत एकच अक्षर. ज्या स्तंभात एकच किंमत असते तो काढून टाकायचा, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. मीच तो काढला होता. मॉडेल प्रामाणिकपणे शिकलं होतं: निरोगी म्हणजे नर. मादी दिसली की बिघाड.

"हे तर कधीपासून माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं आहे." मग मी वाचायला घेतलं.

बोमनचं संपुट

शाळेत आपण सगळ्यांनी नेफ्रॉनची आकृती काढली आहे. केशवाहिन्यांचा गुंता, म्हणजे ग्लोमेरुलस. त्याला कवेत घेणारी कपासारखी पिशवी, म्हणजे बोमनचं संपुट. पुढे वळणावळणाची नळी. गुंत्यातून रक्तातलं पाणी आणि बारीक रेणू गाळून संपुटात येतात. नळी त्यातलं कामाचं परत घेते. उरतं ते मूत्र.

ही आकृती ज्याच्यामुळे आहे त्या विल्यम बोमनने १८४२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, तेव्हा तो पंचविशीत होता. माझ्याहून लहान. मार्चेल्लो माल्पिगीने १६६६ सालीच किडनीतल्या बारीक गाठी पाहिल्या होत्या, पण त्या गाठी आणि नळ्या यांचा संबंध काय, याचा उलगडा होत नव्हता. बोमनने धमनीतून रंगीत द्रव आत सोडला, अनेक प्राण्यांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि दाखवून दिलं की गाठीभोवतीचं आवरण हेच नळीचं सुरुवातीचं टोक आहे.

संपुटाच्या बाहेरच्या भिंतीला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. पुस्तकात ते चपट्या पेशींचं दाखवतात, फरशीसारखं. त्यापुढच्या नळीत पेशी उंच, ठोकळ्यासारख्या होतात. चपटं तिथे संपुट, ठोकळा तिथे नळी. माणसाच्या बाबतीत ही आकृती ठीक आहे. उंदरांनी मात्र ती पाळली नाही.

उंदरांच्या आवृत्त्या

इथे भाषेची एक अडचण सांगायला हवी. मराठीत दोघेही उंदीरच. प्रयोगशाळेत मात्र दोन वेगळे प्राणी आहेत. माऊस वीस-तीस ग्रॅमचा, मुठीत मावणारा. रॅट त्याच्या दहा-पंधरा पट वजनाचा. त्यांच्यातला फरक पुढे महत्त्वाचा आहे, म्हणून मी माऊस आणि रॅट हेच शब्द वापरते. माझ्या टेबलावरच्या माऊसशी याचा संबंध नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्राण्यांचं 'स्टँडर्ड' रूप तयार व्हायला लागलं. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटने १९०६पासून पांढऱ्या रॅटची पैदास सुरू केली. कोलंबिया विद्यापीठात मेनी कर्टिस यांनी १९२० साली फिशर नावाच्या एका स्थानिक विक्रेत्याकडून आलेल्या रॅटच्या जोड्या लावल्या. त्यातल्या ३४४ क्रमांकाच्या जोडीचा वंश टिकला. तोच पुढे जगभर वापरला गेलेला 'फिशर ३४४'. अ‍ॅबी लॅथ्रॉप या मॅसॅच्युसेट्समधल्या बाई हौसेसाठी माऊस पाळून विकायच्या. त्यांच्याकडून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून १९२१ साली क्लॅरन्स लिटलने जो वंश सुरू केला, तो 'सी-५७ ब्लॅक' आजही सगळ्यात जास्त वापरला जाणारा माऊस आहे.

मला हे वाचताना सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आठवल्या. सगळ्यांनी एकच आवृत्ती वापरली तर एकाचा निकाल दुसऱ्याला पडताळता येतो. कल्पना उत्तम आहे. फक्त आवृत्ती गोठवताना तिच्यातली खासियतही गोठते, आणि काही वर्षांनी ती खासियत कुणाला आठवत नाही.

१९३९-४०

हान्स सेल्ये हे नाव 'स्ट्रेस' या संकल्पनेमुळे आपल्याला माहीत आहे. माँट्रियलला असताना हा माणूस प्राण्यांना निरनिराळी हार्मोन्स देऊन काय होतं ते पाहत होता. टेस्टोस्टेरॉन नुकतंच प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागलं होतं. १९३९ साली त्याने त्याचा किडनीवरचा परिणाम प्रसिद्ध केला. टेस्टोस्टेरॉन दिलं की माऊसची किडनी मोठी होते आणि संपुटाचं चपटं अस्तर उंच होतं.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, 'सायन्स' या नियतकालिकात क्रॅबट्री यांचा छोटा लेख आला. त्यात हार्मोनची सुई नव्हती, साधे निरोगी माऊस होते. वयात आलेल्या नरांच्या संपुटांना मोठ्या प्रमाणावर ठोकळ्यासारख्या पेशींचं अस्तर होतं. माद्यांमध्ये बहुतांश संपुटं चपट्या अस्तराची. पिल्लांमध्ये असा फरक नसतो, तो वयात येताना उगवतो. नराचे वृषण काढले तर अस्तर मादीसारखं होत जातं. मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर नरासारखं. हे प्रमाण वंशावंशात कमीजास्त असतं, आणि रॅटमध्ये हा फरक माऊसइतका ठळक दिसत नाही.

म्हणजे किडनीसारख्या, प्रजननाशी थेट संबंध नसलेल्या अवयवाचा नुसता काप पाहून तो नराचा की मादीचा हे सांगता येतं. माझ्या मॉडेलने दीड आठवडा जे ओरडून सांगितलं, ते ऐंशी वर्षांपूर्वी छापून झालं होतं. पॅथॉलॉजीच्या लोकांनी ते लक्षात ठेवलं, कारण रोज पट्ट्या बघताना ते डोळ्यांत भरतं. बाकीच्यांच्या दृष्टीने ती तळटीप राहिली.

कोणाची किडनी कशी

लिंगाचा फरक असा, तर प्रजातीचा त्याहून मोठा. माणसाच्या एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात, रॅटच्या तीस हजारांच्या आसपास, माऊसच्या बारा-पंधरा हजार. हे नुसतं आकाराचं गणित नाही. माणसाची किडनी म्हणजे ८ ते १८ पिरॅमिड एकत्र बांधलेली मोळी. माऊस आणि रॅटच्या किडनीत एकच पिरॅमिड असतो आणि त्याचं एकच निमुळतं टोक.

त्या टोकाची लांबी प्राणी कुठे राहतो याबद्दल बोलते. स्वीडनच्या इव्हार स्पर्बरने १९४४ साली शंभराहून जास्त सस्तन प्राण्यांच्या किडन्यांची तुलना केली. पाण्यात किंवा पाण्याजवळ राहणाऱ्यांचं टोक आखूड, वाळवंटात राहणाऱ्यांचं लांब. नळीचा फास जितका खोल जातो, तितकं पाणी परत खेचता येतं. माणूस रक्ताच्या चौपट दाट मूत्र करू शकतो, रॅट साधारण दहापट.

गोल्डन हॅमस्टर हा असाच कोरड्या प्रदेशातला. १९३० साली इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं काढली. जेरुसलेममधल्या सॉल अ‍ॅडलर यांना लीशमॅनिया, म्हणजे काळा आजार ज्याच्यामुळे होतो त्या परजीवीवर काम करायला हॅमस्टर हवे होते. त्या एका कुटुंबातल्या वाचलेल्या मोजक्या पिल्लांपासून जगभरच्या प्रयोगशाळांतले हॅमस्टर पसरले. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत हॅडली कर्कमन यांनी दाखवलं, की नर हॅमस्टरला दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलं तर त्याच्या किडनीत गाठी होतात. अंडाशय शाबूत असलेल्या मादीला त्या होत नाहीत. माऊसमध्ये टेस्टोस्टेरॉनने किडनी फुगते, हॅमस्टरमध्ये इस्ट्रोजेनने नराची किडनी बिघडते. 'हार्मोन किडनीला काय करतं' या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी विचारावं लागतं: कोणाच्या किडनीला?

पेट्रोल, संत्र्याची साल आणि नर रॅट

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, ते १९८०च्या दशकात दिसलं.

अमेरिकेत शिसंविरहित पेट्रोल नवीन होतं. त्याची वाफ श्वासातून रॅट आणि माऊसला दोन वर्षं देण्याचा मोठा अभ्यास पेट्रोलियम उद्योगाने करवून घेतला. १९८४ साली तो प्रसिद्ध झाला. नर रॅटच्या किडनीत कर्करोगाच्या गाठी. साहजिकच खळबळ उडाली, कारण पेट्रोलची वाफ पंपावर प्रत्येक जण हुंगतो.

काही वर्षांनी दुसरं नाव आलं, लिमोनीन. नागपुरी संत्र सोलताना बोटांना जो वास लागतो, तो मुख्यतः याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा त्यावरचा अहवाल १९९०चा आहे. फिशर ३४४ जातीच्या नर रॅटमध्ये किडनीच्या गाठींचा स्पष्ट पुरावा. मादी रॅटमध्ये काही नाही. माऊसमध्ये, नर असो वा मादी, काही नाही.

रसायनं वेगवेगळी, बळी मात्र एकच: नर रॅट. दुवा आधीच सापडलेला होता, पण भलत्याच कपाटात. १९६६ साली अरुण रॉय आणि ओटो न्यूहाउस यांनी नर रॅटच्या मूत्रात एक प्रथिन ओळखलं होतं. नाव अल्फा-टू-यू ग्लोब्युलिन. ते यकृतात तयार होतं, पुरुष-हार्मोनच्या हुकमाने, वयात आल्यावर. आकाराने लहान असल्याने ते ग्लोमेरुलसमधून गाळून जातं, नळीच्या पेशी त्यातलं बरंचसं आत घेतात आणि पचवतात. पेट्रोलमधले काही घटक किंवा लिमोनीन शरीरात गेल्यावर जे तयार होतं, ते या प्रथिनाला चिकटतं. मग ते पचायला जड जातं. पेशीत थेंब साठतात, पेशी मरते, शेजारची पेशी विभागून जागा भरते. वर्षभर, दीड वर्ष हे मरणं आणि भरणं चालू राहिलं की विभागणीतल्या चुका साठतात आणि गाठ होते.

हे खरं की नुसती छान गोष्ट? त्याची परीक्षा डॅनियल डीट्रिश आणि जेम्स स्वेनबर्ग यांनी घेतली. एनबीआर नावाच्या रॅटच्या वंशात नराचं यकृत हे प्रथिन बनवतच नाही. त्या नरांना तीच रसायनं दिली तर किडनीचा तो आजार झाला नाही, आणि लिमोनीनमुळे गाठींना मिळणारं उत्तेजनही दिसलं नाही. हे काम १९९१चं. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अहवाल काढला: थेंब साठलेले दिसले, ते थेंब याच प्रथिनाचे निघाले आणि पुढची साखळी जुळली, तर नर रॅटच्या त्या गाठी माणसाच्या धोक्याच्या हिशोबात धरू नयेत. माणसाच्या मूत्रात हे प्रथिन नसतं. सगळ्यांना हे पटलं असं नाही. रोनाल्ड मेलनिक यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, की एका साखळीवर भरवसा ठेवून पुरावा बाजूला सारणं घाईचं आहे. शिवाय पेट्रोल काही निर्दोष सुटलं नाही. त्यातलं बेन्झीन माणसात रक्ताचा कर्करोग करतं, याचा पुरावा स्वतंत्र आहे. पण संत्र्याच्या वासावरचा आरोप टिकला नाही.

मला या प्रकरणात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कर्करोगाच्या या दीर्घ चाचण्यांमध्ये नियमच होता: रॅट आणि माऊस दोन्ही, आणि प्रत्येक गटात साधारण ५० नर, ५० माद्या. समजा, खर्च वाचवायला फक्त नर रॅट घेतले असते तर? लिमोनीन कर्करोगकारक ठरलं असतं आणि शंका घ्यायला जागाच उरली नसती. फक्त माद्या घेतल्या असत्या तर कुणाला काही दिसलंच नसतं. शेजारच्या पिंजऱ्यात मादी होती, म्हणून प्रश्न विचारता आला.

काढून टाकलेला स्तंभ

विषशास्त्राने जे पाळलं ते बाकी जीवशास्त्राने पाळलं नाही. अ‍ॅनालिझ बिअरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी २००९ साली छापलेल्या संशोधनाची मोजदाद केली. दहापैकी आठ शाखांमध्ये नर प्राण्यांकडे झुकाव होता. मेंदूविज्ञानात एका मादीच्या अभ्यासामागे साडेपाच नरांचे. कारण ठरलेलं: मादीचं चार-पाच दिवसांचं हार्मोनचक्र, त्यामुळे आकडे हलतात. २०१४ साली माऊसवरच्या २९३ शोधनिबंधांचा एकत्र हिशोब झाला, तेव्हा कळलं की माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत. ज्या कारणाने इतकी वर्षं स्तंभ काढून टाकला, ते कारणच तपासलेलं नव्हतं.

२०१६पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था संशोधनाला पैसे देताना विचारू लागल्या: लिंगाचा विचार केला आहे का? मग किडनीतही नव्याने पाहणं सुरू झालं. २०१७ साली अ‍ॅलिशिया मॅकडोनो यांच्या गटाने दाखवलं, की मादी रॅटच्या नळीत मीठ परत घेणारे पंप वेगळ्या ठिकाणी वाटलेले असतात, आणि सलाईन दिलं तर मादी ते नरापेक्षा लवकर बाहेर टाकते. २०२३ साली अँड्र्यू मॅकमहन यांच्या गटाने माऊसच्या किडनीतल्या एकेका पेशीची जनुकं तपासली. फरक मुख्यतः नळीच्या पहिल्या भागात, आणि तो थेट पुरुष-हार्मोनच्या ग्राहीमुळे. गंमत म्हणजे नराला कमी खायला दिलं तर त्याची किडनी मादीसारखी होऊ लागते. आणि त्यांनी माणसाच्या किडनीशी ताडून पाहिलं, तर दोन्हीकडे सारखी वागणारी जनुकं थोडीच निघाली.

म्हणजे पुन्हा तेच. फरक विसरलात तर चूक, आणि माऊसचा फरक उचलून माणसाला चिकटवलात तरी चूक.

आईचा रिपोर्ट

हे सगळं वाचत होते त्याच सुमारास आईचं वार्षिक चेकअप झालं. आई ५८ वर्षांची. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून वेदनाशामक गोळी घेते. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. क्रिएटिनिन १.१. त्याखाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज: ७८. शेजारी 'नॉर्मल'. आई म्हणाली, "बघ, सगळं छान आहे." मीही पुढे सरकवणार होते. मग वर नजर गेली. नाव बरोबर, वय बरोबर, लिंगाच्या रकान्यात 'पुरुष'.

टाइप करणाऱ्याच्या हातून झालेली चूक. ईजीएफआरचं २०२१ सालचं सूत्र उघडं आहे. मी लॅपटॉप उघडून लिंग बदललं. तेच क्रिएटिनिन, तेच वय. उत्तर आलं ५८. साठच्या खाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या सूत्रातला स्त्री-पुरुष फरक बोमनच्या संपुटामुळे नाही. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, आणि बायकांमध्ये सरासरीने स्नायू कमी असतात. म्हणून तोच आकडा बाईच्या रक्तात असेल तर त्याचा अर्थ किडनी कमी गाळते असा होतो. कारण वेगळं, चूक मात्र माझ्या मॉडेलचीच. एक रकाना चुकला आणि एका शरीराचा मापदंड दुसऱ्यावर चढला.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. एका आकड्यावर निदान होत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, म्हणाले. मूत्रातल्या अल्ब्युमिनची तपासणी लिहून दिली आणि गुडघ्याची गोळी बंद केली. तीन महिन्यांनी आकडा ६१ आला, अल्ब्युमिन नाही. "लक्ष ठेवू," म्हणाले. आई आता गुडघ्याला शेक देते आणि कुरकुरते. रिपोर्ट आला की आधी मला पाठवते. मी आधी वरचा रकाना बघते.

त्या कंपनीतलं मॉडेल आम्ही दुरुस्त केलं. फार काही करावं लागलं नाही. काढलेला स्तंभ परत जोडला, माद्यांच्या पट्ट्या घालून पुन्हा शिकवलं. बदलाची नोंद लिहिताना थोडी थांबले. शेवटी एवढंच लिहिलं: "निम्मे प्राणी राहून गेले होते. ते जोडले."